पेठांतल्या शाळा आणि गावचा सारा



दहावीचा निकाल लागला, की कोणती शाळा चांगली याची चर्चा घरोघरी सुरू होते. कुणी म्हणतं तालुक्याची, कुणी म्हणतं जिल्ह्याची. कुणी निकालाचे टक्के सांगतं, कुणी इमारतीचे मजले सांगतं. शाळेची शाळेशी तुलना करणं वाईट नाही, पण कशावरून करायची, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी आज आम्ही तुम्हांला पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरवून आणणार आहोत. शनिवार, बुधवार, नारायण आणि सदाशिव या पेठा एकमेकींना इतक्या लागून आहेत, की अर्ध्या-पाऊण तासात पायी फिरून होतील. एवढ्याशा जागेत शंभर वर्षांत इतक्या शाळा निघाल्या, की त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

पाहताना आपण प्रत्येक शाळेला चार प्रश्न विचारू. दार कुणाला उघडं होतं? कितवीपर्यंत शिकता येत होतं? काय शिकवत होते आणि किती वेळ? आणि चौथा प्रश्न, जो आपण सहसा विचारत नाही, तो म्हणजे पैसा कुणाचा होता?

सुरुवात विश्रामबाग वाड्यापासून करू. हा दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला वाडा. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रज सरकारनं तिथे संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या पैशातून ती चाले. पुढे इंग्रजी शिक्षण आलं, पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन कॉलेज झालं, आणि ते कॉलेज डेक्कन कॉलेज या नावानं शहराबाहेर येरवड्याकडे गेलं. सरकारी हायस्कूल मात्र वाड्यात राहिलं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं आणि त्याची मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. मॅट्रिक झालेल्याला कचेरीत कारकुनी मिळे, पुढे कॉलेज करता येई, वकील, मामलेदार, मुन्सफ होता येई. म्हणजे हायस्कूल ही नुसती शाळा नव्हती, कचेरीत जाण्याची वाट होती. आणि त्या वाटेवर मुली नव्हत्या.

आता वाड्यातून निघून दोन-चार गल्ल्या ओलांडू आणि बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्याच्या जागी येऊ. इथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्यानंतर १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात आणि रास्ता पेठेत, १८५२ मध्ये वेताळ पेठेत, अशा आणखी शाळा निघाल्या. या शाळांचं दार सर्वांत रुंद होतं. त्यांत ब्राह्मणांच्या मुली होत्या, आणि ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यांच्याही मुली होत्या. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं, हे तिनं त्यात धीटपणे मांडलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फुल्यांच्या या कामाबद्दल सरकारनं त्यांचा सत्कार केला, तो १८५२ मध्ये, त्याच विश्रामबाग वाड्यात. ज्या वाड्यात मुलींना शिकायला जागा नव्हती, तिथे मुलींना शिकवणाऱ्याला शालजोडी मिळाली. मान मिळाला, पण शाळा चालवायला पुरेसा आणि कायमचा पैसा मिळाला नाही. लोकवर्गणी आटली आणि या शाळा पुढे टिकल्या नाहीत.

शिवाय या शाळा प्राथमिक होत्या. लिहिणं, वाचणं, हिशेब, थोडं व्याकरण आणि भूगोल झाला, की मुलीचं शिक्षण संपलं. पुढे जायचं म्हटलं तर शहरात तिच्यासाठी हायस्कूल नव्हतं. ते निघायला १८८४ साल उजाडावं लागलं. मधे छत्तीस वर्षं गेली. मुलगी शिकते आणि एका इयत्तेला येऊन थांबते, कारण पुढची पायरीच बांधलेली नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

या छत्तीस वर्षांत मुलग्यांसाठी मात्र शाळांवर शाळा निघाल्या. १८६० मध्ये वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली. हेच ते इंग्रजांविरुद्ध बंड करणारे फडके. पेरूगेटाजवळची भावे स्कूल ती हीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि टिळक, नामजोशी यांच्यासह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय निघालं. या माणसांचं म्हणणं असं होतं, की शिक्षण आपल्या लोकांच्या हाती असावं आणि ते स्वस्त व्हावं. ही मोठीच गोष्ट होती. सरकारी हायस्कूलची फी न परवडणाऱ्या कितीतरी गरीब घरांतली मुलं या शाळांमुळे मॅट्रिक झाली. पण स्वस्त झालेलं शिक्षणही बहुतेक पेठांतल्या घरांना आणि त्यांतल्या मुलग्यांनाच मिळत होतं. या शाळांच्या दाराला कुलूप नव्हतं, तरी नांगर धरणारा बाप आपल्या पोराला तिथे आणून ठेवू शकत नव्हता. राहायचं कुठे, खायचं काय, शेतावर कोण जाणार, या प्रश्नांना शाळेकडे उत्तर नव्हतं.

आता चौथा प्रश्न, पैशाचा. १८८२ मध्ये सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचं कमिशन नेमलं. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्याचा मथितार्थ आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा. शेतकरी सारा भरतो. त्या पैशातून वरच्या वर्गाची मुलं हायस्कुलात आणि कॉलेजात शिकून मोठ्या हुद्द्यावर जातात, आणि ज्यानं सारा भरला त्याच्या गावात साधी शाळा नाही. म्हणून आधी गावोगावी प्राथमिक शिक्षण द्या आणि निदान बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा. मास्तर शिकलेला, तयार झालेला असावा, आणि त्याला महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची माहिती शिकवावी. स्त्रियांच्या शिक्षणासाठीही सरकारनं हात सैल सोडावा, असं त्यांनी मागितलं.

मैत्रिणींनो, साऱ्याची ही गोष्ट आपण नीट समजून घेऊ. त्या काळी मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वेगळा वसूल होई, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. सारा भरायला शेतात कोण राबलं? औताला पुरुष होता, पण भांगलणी, कापणी, मळणी, निवडणं, टिपणं बाईचं होतं. सारा बापाच्या नावानं भरला गेला, पण त्यात पणजीचा घाम होता. तेव्हा सरकारच्या खर्चानं चाललेल्या हायस्कुलाच्या बांधकामात जिनं कधी शाळा पाहिली नाही अशा बाईचाही वाटा होता. फुल्यांचं म्हणणं आम्हांला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. त्यांनी शाळेची तुलना शाळेशी केली नाही. पैसा कुठून येतो आणि तो कुणावर खर्च होतो, याची त्यांनी तुलना केली.

पुन्हा पेठांत येऊ. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामन आबाजी मोडक वगैरे मंडळींनी मुलींसाठी हायस्कूल काढायचं ठरवलं. त्यासाठी पुण्यात सभा भरली. गव्हर्नर फर्ग्युसन आले होते. ऐन विशीतल्या रमाबाई रानड्यांनी त्या सभेत इंग्रजीतून भाषण वाचून दाखवलं. घरी परतल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना टोचून बोलून हैराण केलं. चार पुरुषांत उभी राहून बाई इंग्रजी वाचते, हे त्यांना सोसवलं नाही. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. शाळा उघडण्याआधीच शाळेची किंमत एका सुनेनं घरात मोजली होती.

शाळा सप्टेंबर १८८४ मध्ये सुरू झाली आणि लवकरच पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेत आली. म्हणून तिचं नाव पडलं हुजूरपागा. घोड्यांच्या जागी मुली शिकू लागल्या. इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल शिकून मॅट्रिकपर्यंत जायची सोय झाली. आपला दुसरा प्रश्न, कितवीपर्यंत, त्याचं उत्तर पेठांत प्रथमच मुलीच्या बाजूनं मिळालं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॅम्पात, फ्रान्सिना सोराबजी या बाईंची व्हिक्टोरिया हायस्कूल त्याआधीच चालू होती. तिथे मुलगे-मुली एकत्र बसत. त्यांच्याच मुलीनं, कॉर्नेलियानं, डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान मिळवला आणि पुढे वकिली केली. कॅम्पातली वस्ती वेगळी होती. तिथे ख्रिस्ती, पारशी, इंग्रज अधिकारी राहत. त्यामुळे कॅम्पात जे सहज झालं, त्यासाठी पेठांत भांडावं लागलं.

आणि भांडण झालंच. १८८७ च्या सुमारास टिळकांनी 'मराठा' पत्रातून हुजूरपागेच्या अभ्यासावर आणि वेळेवर टीका केली. अकरा ते पाच शाळा असेल तर मुलीनं घरचं काम कधी शिकायचं? सकाळी किंवा दुपारी तीन तास पुरेत. इंग्रजी आणि मोठमोठे विषय कशाला, घर-संसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, असा त्यांचा सूर होता. टिळक देशासाठी तुरुंगात गेलेले थोर पुढारी, पण या बाबतीत त्यांची बाजू ही होती, आणि इतिहास सांगताना ती लपवायचं कारण नाही. त्यांचेच सोबती आगरकर उलट बाजूला उभे राहिले. मुलग्यांना जे शिकवता तेच मुलींना शिकवा, आणि दोघांना एकत्र शिकवा, असं ते 'सुधारका'त मांडत राहिले.

हे भांडण दिसायला वेळापत्रकाचं होतं, पण मुळात ते मुलीचा दिवस कुणाचा यावर होतं. तीन तासांची शाळा म्हणजे उरलेला दिवस घराचा. सहा तासांची शाळा म्हणजे दिवसाचा मोठा वाटा तिचा स्वतःचा. आजही आपल्याकडे मुलगी सकाळी पाणी भरून, भाकऱ्या थापून, धाकट्याला सांभाळून शाळेत पोचते, आणि उशिरा आली म्हणून बोलणी खाते. ज्या शाळेला आणि ज्या घराला तिचा दिवस तिचा आहे हे मान्य आहे, तिथेच ती टिकते.

याच पेठांत आणखी दोन वेगळे प्रयोग झाले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झालं. तिथे मातृभाषेतून शिकवत. इंग्रजी हा विषय होता, पण सगळा अभ्यास इंग्रजीतून नव्हता. गृहशास्त्र, आरोग्य यांना जागा होती. आता हुजूरपागा आणि कर्व्यांची शाळा शेजारी ठेवून पाहा. हुजूरपागेची मुलगी मुलग्यांच्याच परीक्षेला बसे, त्यामुळे तिच्या प्रमाणपत्राला बाजारात तीच किंमत. कर्व्यांकडे वय उलटलेली, नवरा गेलेली, इंग्रजीचा गंध नसलेली बाईसुद्धा शिकू शके. एका शाळेनं उंची गाठली, दुसरीनं पायरी खाली आणली. कोणती चांगली? उत्तर मुलगी कोण आहे यावर ठरतं.

दुसरा प्रयोग रमाबाई रानड्यांचा. १९०९ मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग होते. शिवण होतं, शिक्षिका तयार होत, ससून रुग्णालयाशी जोडून परिचारिका तयार होत. ज्या बाईला दुसऱ्याच्या दारी राबण्यापलीकडे वाट नव्हती, ती पगार घेणारी मास्तरीण किंवा नर्स झाली. शाळेचा शेवट पोटापर्यंत पोचला पाहिजे, हे सेवासदनानं दाखवलं.

पण या सगळ्या शाळा फीच्या, देणग्यांच्या आणि अनुदानाच्या होत्या. सगळ्या मुलींना मोफत आणि सक्तीचं शिक्षण ही गोष्ट वेगळीच. १९२० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला. आधी मुलग्यांचं करू, मुलींचं नंतर, खर्च झेपत नाही, असं पालिकेतल्या पुष्कळांचं म्हणणं पडलं. तेव्हा पुण्यातल्या बायका रस्त्यावर आल्या. रमाबाई रानडे त्यांच्या पुढे होत्या. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुलींच्या बाजूनं चळवळ केली. ज्या रमाबाईंना तरुणपणी भाषण वाचल्याबद्दल घरात बोलणी बसली होती, त्या आता साठीकडे झुकलेल्या, आणि मागण्या घेऊन मिरवणुकीत चालत होत्या.

न्यू इंग्लिश स्कूल चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनंही पुढे मुलींसाठी वेगळी शाळा काढली, ती अहिल्यादेवी. साल १९३९. मुलग्यांची शाळा निघाल्यापासून एकोणसाठ वर्षांनी. एकाच संस्थेच्या दोन शाळांच्या स्थापनेची सालं शेजारी लिहिली, तरी मुलींना किती थांबावं लागलं ते कळतं.

आणि गाव? गावाच्या पोराला पेठेतल्या शाळेची वाट अवघड होती, म्हणून शाळेलाच त्याच्याकडे यावं लागलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तिथे राहून, काम करून, फी न देता शिकता येई. राहायचं कुठे आणि खायचं काय, या ज्या प्रश्नांना पेठेतल्या शाळेकडे उत्तर नव्हतं, ते इथे आधी सोडवले गेले. संस्थेचं नावच रयत. फुल्यांनी जिच्या पैशाचा हिशेब मागितला, ती हीच रयत.

आता आपल्याकडे पाहू. २००९ च्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळालं, म्हणजे आठवीपर्यंत. फुल्यांनी बारा वर्षं मागितली होती, ती मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. पण आठवीनंतर गावातली शाळा संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं, तिथे मुलगी पुन्हा १८८४ च्या आधी जाऊन उभी राहते. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे. पास आहे, पण शाळा सुटायच्या वेळेला एसटी आहे का, हे पाहावं लागतं. गाडी नसेल तर त्या पासाचा उपयोग नाही.

म्हणून हायस्कूल निवडताना निकालाचे टक्के जरूर बघा, पण त्याच्यासोबत एवढं विचारा. आठवीत किती मुली होत्या आणि त्यांतल्या दहावीच्या परीक्षेला किती बसल्या? निकाल नव्वद टक्के असेल, पण निम्म्या मुली नववीतच गळाल्या असतील, तर ते नव्वद टक्के उरलेल्यांचे आहेत. वस्तीवरच्या, पारध्याच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुली त्या शाळेत आहेत का? मुलींचं स्वच्छतागृह उघडं असतं की किल्ली बाईंच्या कपाटात असते? विज्ञान-गणिताला शिक्षक आहे का? फीच्या नावाखाली आणखी काय काय द्यावं लागतं?

हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. आपल्या गावच्या समितीत कोण बायका आहेत आणि त्यांना बैठकीला बोलावतात की घरी सही आणायला माणूस पाठवतात, एवढं आपण गटात विचारून घेऊ. पेठांतल्या शाळांना जागा मिळाली, देणग्या मिळाल्या, मोठी माणसं मिळाली. आपल्या शाळेला निदान हिशेब विचारणाऱ्या बायका मिळायला हव्यात. पैसा तेव्हाही आपला होता आणि आजही आपलाच आहे.